माहेरघरात सहा रात्री

दिवसभर मी दुसऱ्यांचे फॉर्म भरते. जव्हारला आमचं सेवा केंद्र आहे. जातीचा दाखला, आधारवरचा पत्ता, शिष्यवृत्ती, सातबारा, जे म्हणाल ते. हल्ली काहीही घेतलं की मोबाइल लगेच विचारतो, अनुभव कसा होता, किती तारे देता? तीस रुपयांचं कव्हर घेतलं तरी विचारतो. पण श्रावणात मी वहिनीसोबत तिच्या बाळंतपणासाठी सहा रात्री सरकारी माहेरघरात काढल्या, त्याचं कोणी काही विचारलं नाही. दवाखान्यातून सुट्टी मिळाली त्या दिवशी सिस्टरने रजिस्टरवर वहिनीची सही घेतली, "बाळाला कोवळं ऊन दाखवा" म्हणाली आणि आम्ही निघालो. श्रावणात आमच्याकडे ऊन कुठून आणायचं, ते विचारायचं राहिलं. म्हणून हा रिव्ह्यू.

तारे मात्र देणार नाही. मी आयुष्यातला पहिला रिव्ह्यू अकरावीत असताना लिहिला आणि तो रंगांत होता. पालघर जिल्हा 2014 चा, त्याआधी आम्ही ठाणे जिल्ह्यात. 2007 मध्ये ग्रामीण आरोग्य अभियानातून 'लोकाधारित देखरेख' सुरू झाली ती राज्यातल्या पाचच जिल्ह्यांत: अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि आमचा ठाणे. संस्थेचे कार्यकर्ते पाड्यावर आले, शाळेच्या ओट्यावर सगळ्यांना बसवलं आणि दवाखान्याचं प्रगतिपुस्तक करायचं म्हणाले. माझं अक्षर बरं, म्हणून स्केचपेन माझ्या हातात. नर्सबाई पाड्यावर येते का? बायका म्हणाल्या, कधीमधी. पिवळा. औषध बाहेरून आणायला सांगतात का? सगळे एकदम बोलायला लागले. लाल. लसीकरण? हिरवा. तो कागद भिंतीवर लागला, आणि पुढे जनसुनवाईत डॉक्टरांना त्यातल्या लाल चौकटींचं उत्तर सगळ्यांसमोर द्यावं लागलं. आमची माणसं साहेबाला प्रश्न विचारताना मी पहिल्यांदा तेव्हा बघितली. तेच तीन रंग इथे वापरते.

माहेरघर काय ते माहीत नसेल त्यांच्यासाठी. आदिवासी भागातल्या दुर्गम प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या आवारात एक-दोन खोल्यांची ही सोय असते. 2010-11 पासून योजना चालू आहे. बाळंतपणाच्या तारखेआधी चार-पाच दिवस बाईने तिथे येऊन राहायचं. सोबत तिचं लहान मूल आणि एक नातेवाईक चालतं. जेवण बचत गटाकडून. तेवढ्या दिवसांची मजुरी बुडते, तिचे पैसे खात्यावर. कारण साधं आहे. नियमाप्रमाणे आदिवासी आणि डोंगरी भागात 20,000 लोकांमागे एक आरोग्य केंद्र, सपाटीला 30,000 मागे. कागदावर आम्हाला सवलत दिसते. पण हे 20,000 लोक एका गावात नसतात, डोंगरभर विखुरलेल्या पाड्यांत असतात. आमच्या पाड्यापासून केंद्र 11 किलोमीटर, त्यातले तीन पायवाटेचे आणि मध्ये ओहोळ. आषाढात ओहोळ भरला की बांबूला घोंगडी बांधून डोली करायची आणि पाणी उतरायची वाट बघायची. कळा वाट बघत नाहीत.

म्हणजे कल्पना चांगलीच आहे. नावही गोड आहे, आणि म्हणूनच 2013 मध्ये मला जास्त राग आला होता.

तेव्हा मी पहिलटकरीण. बावीस वर्षांची, बारावी झालेली, एमएस-सीआयटीचं सर्टिफिकेट असलेली. आजीचं न ऐकता मीच म्हटलं, दवाखान्यात जायचं. आजी आमच्या पाच पाड्यांची सुईण. तिच्या हातावर किती पोरं झाली ते तिने मोजलेलं नाही, पण कोण उलटं आलं होतं आणि कोण न रडता आलं होतं ते नावानिशी सांगते. ती एवढंच म्हणाली, "जा बाय. मला आत घेणार नाहीत, मी कशाला येऊ." मी आईला घेऊन गेले.

माहेरघराला कुलूप होतं. किल्ली शिपायाकडे, शिपाई वाडा गावाला गेलेला. संध्याकाळी आला, उघडलं, तर आत पाणी शुद्ध करायच्या टीसीएल पावडरच्या गोण्या, मच्छरदाण्यांचे खोके आणि मोडका वजनकाटा. क्लोरीनच्या वासाने डोळ्यांत पाणी. त्याने दोन गोण्या सरकवून जागा करून दिली, बिचाऱ्याने त्याच्या परीने केलं. पण दाराला आतून कडी नव्हती. जवळच ओपीडीच्या ओट्यावर रात्री माणसं झोपलेली. आई रात्रभर दाराला पाठ लावून बसली. सकाळी तपासणी झाली, "अजून वेळ आहे" म्हणाले, आणि आम्ही दोघी चालत परत आलो. चौथ्या दिवशी आजीच्या हातावर माझी मुलगी झाली, घरी. सरकारच्या वहीत मी 'समजावूनही संस्थेत न आलेली माता' म्हणून गेले असणार. रंग सांगायलाच नको.

हे आधी सांगितलं, कारण या वेळचं चांगलं कुठून आलं ते कळायला हवं. मधल्या काळात इमारत बदललेली नाही. एक बैठक झाली.

2021 ची गोष्ट. करोनाच्या लशीची गाडी रस्त्याला दिसली की आमच्याकडची माणसं रानात पळायची. लस घेतली की माणूस मरतो, ही बातमी गाडीच्या आधी पोहोचलेली. पाड्यापाड्यांवर फिरणाऱ्या आरोग्याच्या भरारी पथकात तेव्हा एक डॉक्टर मॅडम होत्या, मराठवाड्याकडच्या, कंत्राटी, बीएएमएस. तीन दिवस रिकाम्या हाताने परत गेल्या. चौथ्या दिवशी गाडी लांब ठेवून चालत आल्या आणि थेट आमच्या भगताच्या अंगणात बसल्या. काय बोलणं झालं ते भगत सांगत नाही. दुसऱ्या दिवशी पहिली लस त्यानेच घेतली, मग आजीने, आणि मग सगळ्यांनी. या मॅडमनीच पुढे सुईणींची बैठक घेतली. दाई बैठका आधीही व्हायच्या. म्हाताऱ्यांना केंद्रावर बोलवायचं, घरी बाळंतपण करू नका म्हणून दम द्यायचा, चहा, अंगठा, चला. ही बैठक शाळेत झाली आणि मॅडमनी प्रश्न उलटा विचारला. तुम्ही दवाखान्यात का आणत नाही, हे विचारलंच नाही. "घरी बाळंतपण कसं करता ते मला सांगा," म्हणाल्या.

मी लिहून घ्यायला होते म्हणून ऐकलं. बराच वेळ कोणी बोललं नाही. परीक्षाच वाटली त्यांना. मग आजी म्हणाली, "दार लावतो."

सगळ्या हसल्या. मॅडमनी विचारलं, "मग?"

"मग पाणी तापवतो."

"मग?"

"मग मी तिच्या पाठीमागं बसते."

मॅडमनी वहीत तीन शब्द लिहिले: दार, पाणी, पाठ. मग एकेक म्हातारी सुटली. तुमची ती लोखंडी खाट एवढी उंच, पोटुशी बाई चढणार कशी आणि पडली तर? पाय वर बांधून बाळ वर चढवायचं असतं का? पुरुष दारात उभे राहतात त्यांना कोण हाकलणार? बाळंतिणीला गार पाण्याने कोण आंघोळ घालतं? दोन तास चाललं. एका म्हातारीने तर नर्सबाईलाच विचारलं, तुला किती पोरं? ती म्हणाली, लग्न व्हायचंय. त्यावर जो हशा झाला त्यात बैठकीची सगळी सरकारी शिस्त वाहून गेली.

आता 2024 चा श्रावण. वहिनीची ही दुसरी खेप. पहिलं पोर अडीच वर्षांचं, तेही सोबत. भाऊ आवणीत अडकलेला. चार दिवसांची लावणी राहिली होती आणि आवणीच्या दिवसांत घरातला एक हात कमी होणं म्हणजे काय ते शेतकऱ्यालाच कळेल. वहिनी म्हणाली, लावणी झाली की जाते. आशाताई तीनदा येऊन गेली. शेवटी ओहोळाकडे बोट दाखवून आजीच म्हणाली, "आज उतार आहे, उद्या नसेल. चल, मी पण येते." ती येते म्हणाली, म्हणून वहिनी निघाली. हे लिहून ठेवा.

दार. माहेरघराच्या दाराला आता आतून कडी आहे, वर आणि खाली, दोन. खिडकीला जाळी आणि पडदा. गोण्या गेल्या. खाटा बुटक्या, लाकडी. किल्ली शिपायाकडे नसते. मागे स्वयंपाक करणाऱ्या बचत गटाच्या बाया ती भिंतीवरच्या खिळ्याला लावून ठेवतात, कधीही पोहोचा. आम्ही संध्याकाळी साडेसातला भिजत पोहोचलो आणि पाच मिनिटांत आत होतो. हिरवा. अकरा वर्षांपूर्वी आई ज्या उंबऱ्यावर बसली होती तिथे मी चप्पल काढली.

पाणी. याची गंमत आहे. केंद्राच्या गच्चीवर सोलर आहे, चांगला मोठा. उन्हाळ्यात पाण्याला हात लावता येत नाही एवढं तापतं, आणि पावसाळ्यात, म्हणजे ओहोळामुळे बायका मुद्दाम इथे येऊन राहतात तेव्हा, नळाला बर्फासारखं. जव्हारचा पाऊस ज्याने एक दिवस बघितला असेल त्याला कोणी विचारलं असतं तरी सांगितलं असतं. बैठकीनंतर मागच्या बाजूला पत्र्याची शेड टाकली आणि चूल घातली. पैसे गाव आरोग्य समितीच्या निधीतून. ही समिती कागदावर प्रत्येक गावात असते, वर्षाला 10,000 रुपयांचा मोकळा निधी तिला मिळतो आणि तो कशावर खर्चायचा ते गावाने ठरवायचं असतं. बहुतेक ठिकाणी त्यातून खुर्च्या येतात. इथे तीन गावांनी मिळून चूल घातली. गाव म्हणून आम्ही सरकारच्या आवारात बांधलेली ही बहुधा एकच वस्तू, चार विटा आणि एक पत्रा. पण तिच्यामुळे सगळं बदललं. नातेवाईक बाया तिथेच जमतात, शेकतात, पेज शिजवतात. आमच्याशिवाय आणखी दोन पोटुशा होत्या, एक कातकरी, एक कोकणा. तिसऱ्या दिवशी चुलीपुढे असं वाटत होतं की कुणाच्या तरी घरी लग्नाला आलोय.

चूल नियमात बसत नाही, हे मला एका कारकुनाने मुद्दाम सांगितलं. आगीचा धोका वगैरे. ऑडिटला आले की शेडला 'भंडार' म्हणतात.

जेवणाला पिवळा. गटाच्या बाया मनापासून करतात, पोटभर वाढतात, पण रोज तेच: भात, तूरडाळ, बटाटा, चपाती. बिल तसंच ठरलेलं. आमची बाळंतीण तूरडाळ खात नाही, बाळाचं पोट दुखतं म्हणतात. खरं-खोटं डॉक्टर जाणोत, पण तिच्या गळी उतरत नाही ते नाहीच. नागलीची भाकरी, उडदाचं पाणी, सुकट, हे आम्ही घरून नेलं होतं. गंमत म्हणजे अंगणवाडीत अमृत आहार मिळतो, शेवटच्या तीन महिन्यांत पोटुशीला आणि पुढे सहा महिने बाळंतिणीला दिवसाला एक चौरस जेवण, त्याला गावातल्या बायकांची आहार समिती असते. आमच्या समितीने तिथे नागली आणली. सरकार तेच, बाई तीच, तिचं पोट तेच. अंगणवाडीतून ती 11 किलोमीटर खाली आली की नागलीची बटाटा-चपाती होते.

आता पाठ.

पाचव्या रात्री साडेअकराला वहिनीला कळा सुरू झाल्या. लाइट गेलेली, इन्व्हर्टर फक्त लेबर रूमला. सिस्टरने तपासलं, "चार बोटं उघडलंय, फिरव हिला" म्हणाली. आजी आणि वहिनी व्हरांड्यात फेऱ्या मारत होत्या, पत्र्यावर पाऊस असा की बोलणं ऐकू येत नव्हतं. दर अर्ध्या तासाने सिस्टर ते छोटं यंत्र पोटाला लावून बाळाचे ठोके ऐकायची. एकदा तिने काय केलं, यंत्राचा आवाज मोठा केला आणि आजीच्या कानाजवळ धरला. साठ वर्षं ही बाई पोटाला कान लावून, हाताने चाचपून अंदाज बांधत आली. ती थांबली. डोळे मिटले. मग म्हणाली, "पळतंय गं. घोड्यासारखं पळतंय." सिस्टर म्हणाली, "एकशे चाळीस आहेत आजी." आजीने मान हलवली, एकशे चाळीस तिला बरोबर वाटले असावेत.

आत नेताना मला धाकधूक होती, कारण पूर्वी दाराशीच थांबवायचे. सरकारच्या 'लक्ष्य' कार्यक्रमात 2017 पासूनच आहे की बाळंतपणात सोबतीला तिच्या पसंतीची एक बाई असावी. पण कागदावरचं लेबर रूमच्या दारापर्यंत पोहोचायला वेळ लागतो. इथे सिस्टरने आजीला हात कोपरापर्यंत धुवायला लावले, गाऊन दिला आणि आत घेतलं. आजी गाऊन घालून वहिनीच्या मागे खाटेवर चढून बसली, पाठीला छाती लावून. वहिनी अर्धी बसलेली, पुढे सिस्टर. मी दारातून बघत होते. सिस्टर "आता जोर लाव" म्हणायची, आजी कानात वारली बोलीत तेच म्हणायची, आणि वहिनी आजीचं ऐकायची. मध्ये एकदा सिस्टर म्हणाली, "थांब, जोर नको," आणि आजीने तिचा श्वास कसा सोडवला ते तिलाच माहीत. पहाटे 3 वाजून 20 मिनिटांनी मुलगा झाला. 2 किलो 400 ग्रॅम. अडीचच्या आत म्हणून कमी वजनाचा. सिस्टरने त्याला पुसून थेट वहिनीच्या उघड्या छातीवर ठेवला आणि वरून दोघांवर पांघरूण घातलं. आजीला हे पटलं. हिरवा, आणि दोनदा हिरवा.

मग नाळेमागची वार पडली आणि भांडण झालं.

आमच्याकडे वार घराच्या मागे पुरतात, खोल, कुत्र्याने उकरू नये म्हणून वर दगड. ते मूल त्या जागेचं होतं. माझी तिथे आहे, माझ्या मुलीची आहे. आजीने सवयीने फडकं पुढे केलं. सिस्टरने वार पिवळ्या पिशवीत टाकली. आजी म्हणाली, दे. सिस्टर म्हणाली, देता येत नाही आजी, ती गाडी येते त्यांच्याकडे जाते. कुठे? जाळतात. आजीने ऐकलं आणि तिचा चेहरा मी त्याआधी तसा कधी बघितला नव्हता. जाळतात?

सिस्टरचीही चूक नाही. 2016 चे जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम तसेच आहेत, पिवळी पिशवी, नोंद, बारकोड. संसर्गाचा धोका असतो, मला समजतं. पण न्यूझीलंडमध्ये माओरी लोकांच्या भाषेत जमीन आणि वार दोन्हींना एकच शब्द आहे, फेनुआ, आणि तिथले दवाखाने विचारून वार घरच्यांना परत देतात, पुरायला. तिथेही जंतू असतीलच. आमच्याकडे झालं असं की बैठकीत हे कोणी विचारलं नाही आणि आजीनेही सांगितलं नाही. तिला ते सांगण्यासारखं वाटलंच नाही. भात खातो हे कोणी बैठकीत सांगतं का? तो दिवसभर ती कोणाशी बोलली नाही, चुलीपुढे बसून राहिली. पाड्यावर आता हीच बातमी फिरतेय, कडी आणि चूल सोडून. लाल.

पैशांचंही सांगते, कारण तो माझा धंदा. बुडीत मजुरी आली नाही. वहिनीचं खातं ज्या बँकेत होतं ती दुसऱ्या बँकेत विलीन झाली, आयएफएससी कोड बदलला, पासबुकावर जुनाच छापलेला. फॉर्मवर कारकुनाने जुना लिहिला. असे परतलेले पैसे मी आठवड्याला दहा बघते. वहिनीचं मी दुरुस्त करून घेतलं, दीड महिन्याने जमा झाले. त्या कातकरी बाईचं कोण करणार? तिचा नवरा दिवाळीनंतर तिला घेऊन वीटभट्टीवर जातो, भिवंडीकडे. होळीपर्यंत ती कुठल्या केंद्राच्या यादीत असते तेच कळत नाही. म्हणून पैशाला लाल. जाताना सोडायला गाडी मिळाली, फुकट, ओहोळापर्यंत. पुढे डोली नको, मी चालते म्हणाली वहिनी. तिथे हिरवा.

घरी आल्यावर आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येते, बाळाचं वजन करते, ताप बघते, श्वास मोजते. हे आधी गडचिरोलीत 39 गावांत बंग डॉक्टर दांपत्याने गावातल्याच बायकांना शिकवून करून दाखवलं, 1999 मध्ये ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं आणि 2011 पासून देशभरच्या आशा करायला लागल्या. कमी शिकलेल्या गावच्या बायका बाळं वाचवू शकतात, हे सरकारने जंगलातून घेतलं. पुढे त्याच अभय बंगांच्या अध्यक्षतेखाली आदिवासी आरोग्यावर केंद्राने समिती नेमली, 2018 ला तिचा अहवाल आला. दहा कोटींवर लोकांसाठी योजना आखताना त्याच लोकांना विचारलं जात नाही, हे त्यात आहे. माझा जन्म 1991 चा, वावर-वांगणीच्या आदल्या वर्षीचा. आमच्याच तालुक्यातल्या त्या गावांत कुपोषणाने पोरं मेली, पेपर भरले, मंत्री आले, 1995 ला नवसंजीवनी योजना आली. तेव्हापासून आमच्यासाठी किती योजना झाल्या ते मी फॉर्मवरून सांगू शकते. आम्हाला विचारून काय झालं म्हटलं तर मला तो स्केचपेनचा कागद आठवतो आणि ही चूल.

आणि चुलीचाही भरवसा नाही. मॅडमचं कंत्राट संपलं, त्या गेल्या वर्षी गेल्या. नवे डॉक्टर हुशार आहेत, रात्री फोन उचलतात, सिझरला पाठवायचं तर वेळ घालवत नाहीत. पण दाई बैठक आता रजिस्टरमध्ये होते. मी विचारलं तर म्हणाले, आता घरी बाळंतपणं होतच नाहीत, दायांचं काय काम? माझ्या डोळ्यांसमोर पहाटेचे साडेतीन आले. मी काही बोलले नाही, वहिनीच्या बाळाचा जन्मदाखला त्यांच्या सहीसाठी थांबला होता. एवढी लाचार मीही आहे.

तरी जा. पावसाळ्यात तारीख असेल तर थांबू नका, ओहोळ भरायच्या आत जा. घोंगडी न्या, तिथली पांघरुणं दमट असतात. टॉर्च, नागलीचं पीठ, सुकट न्या. पासबुकाची झेरॉक्स नेताना बँकेतून नवा कोड छापून घ्या, नाहीतर माझ्याकडे या, पैसे घेणार नाही. आणि सुईण असेल तर तिला सोबत न्या, 'नातेवाईक' म्हणून नाव लिहा. कोणी विचारलं तर आजी आहे म्हणा, आमच्याकडे ती सगळ्यांची असतेच.

परवा आशाताईचा निरोप आला. बायकांनी ग्रामसभेत विषय काढला म्हणून पुढच्या मंगळवारी खरी दाई बैठक आहे, केंद्रावर, नवे डॉक्टर बसणार आहेत. आजीने विचारलं, "त्यात वारेचं बोलता येतं का?" मी म्हटलं, तूच बोल. तिने लुगडं धुऊन चुलीवरच्या दोरीला वाळत घातलंय. पाऊस आहे, मंगळवारपर्यंत वाळेल.